तोंड दाराबाहेर

बाई कुठंही गेल्या की आधी चपला फिरवून ठेवायच्या. तोंड दाराबाहेर. स्टाफरूम असो, देऊळ असो की कुणाचं घर. "निघताना वळायचं काम न्हाई," म्हणायच्या. आम्ही हसायचो. कराटेवाली बाई, आणि पळायची तयारी आधी!

तुमच्याही शाळेत असं एखादं माणूस असेल. बाई मूळच्या मुरुडच्या, घरी कपाटभर पदकं. देगलूरला आमच्या शाळेत इतिहास शिकवायला आल्या आणि सुटीनंतर मुलींना कराटे शिकवू लागल्या. पहिला महिना नुसतं पळायला लावलं. मी विचारलं, "हात कधी उचलायचा?"

"पळता न्हाई आलं तर. लई पदकवाले मार खाताना बघितलेत मी, सर."

पुढे बाई मुलींची लग्नं अडवू लागल्या. नववीतली पोरगी आठ दिवस दिसली नाही की बाई तिच्या घरी हजर. चहा पीत आईकडून तारीख काढून घ्यायच्या. अशी तीन लग्नं थांबवली. मग त्यांच्या स्कूटीची हवा जाऊ लागली. एकदा घराच्या फाटकावर कुंकू लावलेलं लिंबू निघालं. बाईंनी ते धुऊन सरबत केलं, मलाही पाजलं.

चौथ्या मुलीच्या वेळी, एका शनिवारी, दोन माणसं शाळेत आली. बोलायला अगदी गरीब. "पोरीच्या दाखल्याचं इचारायचं हाय. बाई कंच्या रस्त्यानं जातेत घरी?" पालक आले की आपण पाणी विचारतो. मी पाणी दिलं, आणि ओढ्याच्या पुलापर्यंत रस्ताही सांगितला.

शाळा सुटताना मी बाईंना हे हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "तुम्ही सांगितलंत?"

"पालक होते."

"हाव. पालकच असतेत."

"आज दुसऱ्या रस्त्यानं जा मग. नाहीतर पोलिसांना घेऊन जा."

"कळवलंय. ते हळद वाळल्यावर येतेत. पोरगी त्याच रस्त्यावर राहती, सर."

पाचच्या सुमारास ती मुलगी रानातून धावत शाळेत आली. अंगभर हळद, पायात बाईंच्या चपला.

"बाई आमच्या घरी आल्या, म्हणल्या, दारातल्या माझ्या चपला घाल अन् पळ. मी येते मागून."

बाई अनवाणीच स्कूटीवर बसल्या, एवढं तिनं वळून पाहिलं होतं. स्कूटी पुलाजवळ सापडली. मी सांगितलेल्या रस्त्यावर. बाई अजून सापडल्या नाहीत. जबाबात मी सगळं सांगितलं, त्यानं माझं मन काही हलकं झालं नाही.

मुलगी आता दहावीत आहे. चपला तिनं परत आणून दिल्या. स्टाफरूमच्या दारात मी त्या रोज ठेवतो, तोंड आत करून.