झांज संपेपर्यंत

कपाटाचं दार उघडलं की आधी रेक्झिनचा वास येतो. उकाड्याने चिकट झालेल्या, बोटांवर काळ्या खपल्या सोडणाऱ्या जुन्या रेक्झिनचा, आणि त्यात मुरलेल्या लूमच्या तेलाचा. हेडफोन आत आहे, वडिलांच्या कामगार युनियनच्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर. सुरतेत लिंबायतच्या आमच्या खोलीत काहीही ठेवायचं तर ते पत्रकांवरच ठेवावं लागतं. मी त्या गठ्ठ्यांवर बसून जेवले, त्यांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं गिरवली, आणि वडिलांनी छापलेल्या त्या वाक्यांवर माझा आजही विश्वास आहे. म्हणूनच हा हेडफोन मला जास्त छळतो. भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूम चालूच आहेत. इथली तान्ही मुलं त्या खडखडाटात शांत झोपतात आणि वीज जाऊन तो थांबला की दचकून रडायला लागतात.

गाण्याची ओढ घरात एकट्या माझ्या थोरल्या भावाला होती. शहरात गरब्याच्या आणि भजनांच्या कॅसेटी भरणारा एक स्टुडिओ बंद पडला आणि त्याचं सामान तापीकाठच्या जुन्या बाजारात जमिनीवर मांडलं गेलं, त्यात भावाला हा सापडला. वॉकमनबरोबर आलेला स्पंजच्या गाद्यांचा हलका हेडफोन त्याच्याकडे होताच. हा जड, अख्खा कान पोटात घेणारा. जाड पिन वॉकमनमध्ये जाईना, म्हणून त्याने ती कापून बारीक पिन जोडली. पट्टी डोकं आवळत होती, म्हणून ती पाण्याच्या हंड्यावर ताणून ठेवली. सुरतेच्या घामात रेक्झिन कानाला चिकटे, तेव्हा आईने मखमलीच्या तुकड्यांच्या खोळी शिवून दिल्या. मग सुट्टीच्या दिवशी तो भिंतीला टेकून दोन्ही हेडफोन आलटून पालटून लावत बसे. कॅसेट ठरलेली. तिच्यात एका भजनाच्या अखेरीला मृदंग थांबतो, माणसं थांबतात आणि एकटी झांज उरते. ती किती लांबवर ऐकू येते, एवढीच त्याची कसोटी होती. हलक्यात ती लगेच विरून जाई. जडात मात्र ती बारीक होत होत सुईच्या टोकाएवढी होई, तरी असे. अशा वेळी भावाचा चेहरा मी बघत राही. आठवडाभर यंत्राने वापरलेला तो माणूस त्या टोकाशी स्वतःचा होई.

वडिलांना हे रुचलं नाही. "चैनीचं सामान," ते एवढंच म्हणाले आणि पत्रकांना घड्या घालत राहिले.

एकदा वॉकमनचे सेल संपले तरी भावाने हेडफोन काढला नाही. त्याच्यासाठी भिंतीपलीकडच्या लूम एकदम लांब गेल्या होत्या, नदीच्या पल्याड गेल्यासारख्या. दुसऱ्या दिवशी तो हेडफोन घालूनच खात्यात गेला. खातं म्हणजे आमच्याकडे लूमचा कारखाना. शेजारच्या लूमवरच्यांनी खुणा करून, ओठ हलवून टर उडवली, "काय हिरो, आज शूटिंग शे का?" दुपारी शेठ आला.

"गीतो सांभळवा आवे छे के काम करवा?" गाणी ऐकायला येतोस की कामाला?

भावाने खिशातून वायरचं टोक काढून दाखवलं. ते कशालाही जोडलेलं नव्हतं. "सांभळवा नथी, शेठ. ना सांभळवा माटे छे."

ऐकायला नाही, न ऐकायला आहे. शेठ म्हणे पोट धरून हसला. "आजे ना सांभळवा, काले ऊंघवा! उतार ए." आज न ऐकायला, उद्या झोपायला; काढ ते.

संध्याकाळी भावाने शेठची नक्कल इतकी छान केली की आम्ही सगळे हसलो. मग तो वडिलांना म्हणाला, "नाना, हाई लिखा ना तुमना पत्रकमा."

"काय लिहू?" नाना अजून हसतच होते. "मजुरांना हेडफोन द्या? लोकं हसतीन, भाऊ."

मी नंतर ते गठ्ठे सोडून पाहिले. पगार होता, बोनस होता, पाणी होतं, संडास होते. कान कुठेच नव्हता. ज्या दोन बाजू आयुष्यभर एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या, त्यांचं या एका गोष्टीवर एकमत झालं. मजुराच्या कानावरची वस्तू म्हणजे चैन, आणि चैन म्हणजे कामचुकारपणा. तो कान त्याला लागतो, हे शेठ आणि नाना, दोघांच्याही मनात आलं नाही.

भाऊ पुन्हा उघड्या कानांनी पाळीला जाऊ लागला. काही वर्षांत झांज लवकर संपू लागली, आणि त्याने दोष हेडफोनला दिला. "गादी आवाज खास," गादी आवाज खाते, म्हणत त्याने मखमल उसवली. मग आतला कापूस काढला. मग आवाजाच्या पडद्यावरची नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, चकती सोलली, मागच्या बाजूला छिद्रं पाडली. दर खेपेला झांज थोडी परत येई, तो खूश होई, आणि पुन्हा ती आखडे. एकदा त्याने आईच्या डोक्यावर हेडफोन चढवला. "माय, ऐक. आते खरी वाजस."

आईने तो ओरबाडून काढला. "बाप रे! कान फुटी जातीन मना."

"तुले गाणं समजत नही, माय," तो हसून म्हणाला, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्याने. आम्हीही तोपर्यंत घरात मोठ्याने बोलायला लागलो होतो. केव्हापासून, ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत त्याने हेडफोन माझ्या हातात दिला. "तू ठेव. याच्यातली झांज गई." तो पाळीला गेल्यावर मी तीच कॅसेट लावली. झांज आली ती तापल्या तारेसारखी कानात घुसली. ती गेली नव्हती, एवढी मोठी ती कधीच नव्हती. त्याने काढलेला एकेक थर मी मोजत गेले आणि तेवढाच त्याचा कान गेलेला आहे, हे मला कळलं. तो हेडफोन दुरुस्त करत नव्हता; जे ऐकू येईनासं झालं होतं, त्याचा साचा तो वर्षानुवर्षं कोरत बसला होता.

काढलेलं सगळं, कापूस, चकत्या, मखमलीच्या खोळी, आईने एका डब्यात जपून ठेवलं आहे. तासाभरात हेडफोन पहिल्यासारखा होईल. भाऊ आता आमच्या ओठांकडे बघत बोलतो आणि अजून त्याच खात्यात जातो.

मी हेडफोन पहिल्यासारखा करणार नाही. पत्रक वाचून लोक हसतील म्हणून जे छापलं गेलं नाही, ते यात आहे, आणि ते वाचता येण्याचीही गरज नाही. ज्याला हसू येत असेल त्याने घरी यावं, हा कानाला लावावा, आणि झांज संपेपर्यंत काढू नये.