पासष्टच्या वर सोडत नाहीत

हे मी नंदालाही सांगितलेलं नाही. नंदा माझी बायको. अकरा वर्षांच्या संसारात माझं काय काय तिच्यापासून लपलं असेल? काहीच नाही — हे एक सोडून. आणि आता लिहायला बसलोय तरी हात मूळ गोष्टीकडे जात नाही. पाहुणे कोण आले, कुठं फिरलो, काय खाल्लं, तेच आधी सांगावंसं वाटतंय. ते सोपं आहे म्हणून. बरं, तिथूनच सुरू करतो.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमच्या बेसाच्या फ्लॅटवर आठवडाभर चार पाहुणे होते. पुण्याहून माझा मित्र कौस्तुभ आणि त्याची बायको ईशा. नाशिकहून नंदाचा मोठा भाऊ सुधीरदादा आणि वहिनी. दोन्ही मोठ्या खोल्या त्यांना दिल्या, आम्ही हॉलमध्ये गाद्या टाकल्या. माझे वडील — आम्ही त्यांना बाबा म्हणतो — गॅलरीजवळच्या छोट्या खोलीत होते. ती त्यांचीच खोली. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात.

मी कागदावर सगळ्या आठवड्याची आखणी केली होती. माझ्या घरी लोक मुद्दाम राहायला येतात, त्यांना मी माझ्या सात सीटच्या गाडीतून माझं शहर दाखवतो, याचं मला फार अप्रूप होतं. आमच्या गावच्या घरी पाहुणा आला की त्याला खाट द्यायची आणि आपण खाली झोपायचं, एवढाच पाहुणचार मला माहीत होता. सोमवारी दीक्षाभूमी आणि फुटाळा तलाव झाला. मंगळवारी रामटेक. बुधवारी इतवारी आणि गांधीबागेत साड्या. त्या गर्दीत हातगाड्यांमधून वाट काढत, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाबा सगळ्यांच्या पुढे चालत होते. नंदाने रोज काहीतरी केलं, सांबारवडी, पाटवडीचा रस्सा. ईशाने दोन दिवसांत टोपलीभर संत्री संपवली आणि म्हणाली, पुण्याला मिळतात ती संत्री नव्हेतच.

आणि शुक्रवारी पेंचची जंगल सफारी. कौस्तुभ खरं तर त्यासाठीच आला होता, हातभर लांब लेन्स घेऊन.

रामटेकचं सांगायचं राहिलं. गडाच्या पायऱ्या चढताना आम्ही सगळे मध्येच बसलो. बाबा थांबले नाहीत. आधारकार्डावर त्यांचं वय तेव्हा अडुसष्ट होतं. वर पोचून ते कठड्याला टेकून आमची वाट पाहत उभे होते. सुधीरदादा धापा टाकत म्हणाले, "बाबा, तुम्ही चढता की उडता?"

"तुमी बँकेत बसून राह्यता जी," बाबा म्हणाले, "आमी उभ्यानंच जिंदगी काढली."

सगळे हसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा ते नुसतं पाहणं वाटलं. आता वाटतं — ते मला दाखवत होते का? पाहा, मी चढू शकतो, असं?

कारण त्याच्या दोन दिवस आधी, रविवारी, मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो.

जिप्सीत सहाच पर्यटक बसतात. चार पाहुणे, मी आणि नंदा — झाले सहा. बाबा सातवे. किती सरळ आहे, नाही? हे कारण मी स्वतःला इतक्यांदा दिलंय की ते खरंच वाटायला लागतं. पण दुसरी जिप्सी करता आली असती. नंदा तर म्हणालीच होती, "मी थांबते घरी, बाबांना न्या. त्यांचंच जंगल आहे ते."

त्यांचंच जंगल होतं. बाबा तिथं सव्वीस वर्षं वनमजूर होते. आमचं गाव देवलापारकडचं, जंगलाला लागूनच. हिवाळा सरला की बाबा जाळरेषेच्या कामावर जायचे. एका बाजूचा वणवा दुसरीकडे जाऊ नये म्हणून गवत कापून, जाळून, झाडून जी मोकळी पट्टी ठेवतात ती जाळरेषा. मैलोन्‌मैल. ते सगळं पायी. पर्यटकांची जिप्सी आली की मजुरांनी रस्त्याखाली उतरून गवतात उभं राहायचं, गाडी जाऊ द्यायची, मग अंगावरची धूळ झटकून पुन्हा काम. बाबांनी कधी त्याची तक्रार केली नाही. एकदाच जेवताना म्हणाले होते, "वरून कसं दिसते, पाहा लागन एखाद्या वेळी."

आणि मला तर त्यांनी कधी त्या कामावर येऊच दिलं नाही. आमच्या वयाची पोरं तेंदूपत्ता तोडायला जायची, तेव्हा बाबा मला गुरुजींच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसवायचे. चौथीत असताना मी त्यांना सही शिकवली. मस्टरवर अंगठा लावायचे, ते सही करायला लागले. सहावीपासून गावातले सगळे कागद माझ्याकडे यायला लागले — रेशनचे, तहसीलचे, औषधाच्या बाटलीवरचे. "राजू वाचते," बाबा लोकांना सांगायचे. मी जे वाचलं ते त्यांनी पुन्हा दुसऱ्या कोणाला कधी विचारलं नाही. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. कोणाच्या जिवावर झालो, हे मला वेगळं सांगायला नको. मला ते तेव्हाही माहीत होतं. त्या रविवारीही माहीत होतं.

मग का?

पुण्यात मी चार वर्षं एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होतो. तिथं डबे उघडले की घरच्या गोष्टी निघायच्या. कोणाचे वडील प्राध्यापक, कोणाचे डॉक्टर. कौस्तुभने विचारलं, तुझे बाबा? मी म्हणालो, फॉरेस्टमध्ये. तो म्हणाला, "अरे वा, रेंजर?" मी हो म्हणालो.

एवढंच. एक अक्षर. कोणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. कौस्तुभ तसा माणूसही नाही. वनमजूर म्हटलं असतं तर त्याने कदाचित जास्तच आदराने पाहिलं असतं. पण मी हो म्हणालो, आणि मग ते तसंच चालू राहिलं. तो दरवर्षी विचारायचा, साहेब काय म्हणतात? मी म्हणायचो, मजेत.

आता विचार करा — बाबा जिप्सीत बसले असते, तर गप्प बसले असते का? प्रत्येक वळणावर बोलले असते. इथं आमी गवत कापलं, इथं मले विंचू डसला. घरी तर त्यांनी सुरुवात केलीच होती. पहिल्याच संध्याकाळी कौस्तुभने विचारलं, "काका, तुमच्या वेळी किती वाघ होते?" बाबा म्हणाले, "वाघ आमी कायले मोजतो जी? वाघच आमाले मोजे." कौस्तुभ हसून हसून लोळला. मी उठलो आणि सगळ्यांना जेवायला चला म्हणालो. भाजी अजून गॅसवर होती.

आता तो रविवार. पाहुणे यायच्या आदल्या दिवशीची दुपार. मी लॅपटॉपवर सफारीचं बुकिंग करत होतो. ओळखपत्रं लागतात, हे बाबांनी कुठून तरी ऐकलं असावं. ते आपलं आधारकार्ड घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीत, तिला रबर. त्यांनी ते पुसून टेबलावर माझ्यापुढे ठेवलं आणि बाजूला उभे राहिले. मी कार्ड उचललं. त्यावरचं जन्मवर्ष पाहिलं. आणि तिथंच, त्या आकड्यावरून, मला सुचलं.

मी म्हणालो, "बाबा, पासष्टच्या वर सोडत नाहीत."

स्क्रीनकडे बघत म्हणालो. जसं काही तिथं लिहिलंय.

 वाकून त्यांनीही स्क्रीनकडे पाहिलं. सगळं इंग्रजी होतं. "कार्डावर जास्त लिवलं असन गा," ते म्हणाले. "मास्तरनं अंदाजानं लिवलं होतं. मी येवढा नसन." मग त्यांनी विचारलं, "कमी करता येत नाही का?"

मी म्हणालो, नाही.

"नेम हाय तं हाय," बाबा म्हणाले. कार्ड पिशवीत घातलं, रबर लावलं आणि खोलीत गेले.

मी आजवर त्यांना खोटं वाचून दाखवलं नव्हतं. एकदाही नाही. ज्या डोळ्यांना त्यांनी शिकवलं, त्याच डोळ्यांनी मी नसलेली ओळ वाचली. नंदालाही तेच सांगितलं, वेबसाइटवर नियम आहे. आणि पाहुण्यांना आणखी वेगळं: बाबांना जंगलाचा कंटाळा आलाय, आयुष्य तिथंच गेलं ना.

शुक्रवारी बाबा तरीही आमच्याबरोबर गेटपर्यंत आले. "बसतो तिथं, कोणी वळखीचं भेटन," म्हणाले. नको म्हणायला मला कारण सापडलं नाही. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता त्यांनी. दुपारच्या फेरीला आमची जिप्सी आत गेली तेव्हा ते गेटजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसले होते. त्यांनी हात हलवला. ईशाने हलवला. मी पुढे पाहत होतो.

वाघ दिसला. हेही सांगायलाच हवं. एका जाळरेषेवरून सावकाश चालत आला. गाइड म्हणाला, वाघाला मोकळी वाट आवडते, काटे टोचत नाहीत. कौस्तुभने विचारलं, ही अशी पट्टी कोण करतं? गाइड म्हणाला, मजूर असतात. कौस्तुभ बरं म्हणाला आणि फोटो काढत राहिला. 

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आमच्या पुढे दुसरी एक जिप्सी थांबली होती. तिच्यातून एका म्हाताऱ्या गृहस्थांना खाली उतरवत होते. कानटोपी, मफलर, हातात काठी. पायरी उंच, त्यांना जमेना. बाबा बाकावरून उठले, गेले आणि त्यांना खांदा दिला. म्हातारे खाली उतरले, बाबांचा हात धरूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ब्याऐंशी पूर्ण! ब्याऐंशीव्या वर्षी वाघ पाहिला!"

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या रिकाम्या जिप्सीकडे. मग माझ्याकडे.

नंदा आणि वहिनी बाथरूमकडे गेल्या होत्या. सुधीरदादा चहा सांगत होते. ईशा बाबांजवळ गेली आणि लाडाने म्हणाली, "काका, बघा, हे आजोबासुद्धा जाऊन आले! राजेश म्हणाला, तुम्हाला जंगलाचा कंटाळा आलाय म्हणून येत नाही."

तिच्या मागून कौस्तुभ म्हणाला, "अगं, रेंजरसाहेबांना काय नवल वाघाचं!"

तीन खोट्या गोष्टी. तिन्ही त्या एका मिनिटात त्यांच्यापर्यंत पोचल्या. मी चार पावलांवर उभा होतो. मला पुढे होता आलं असतं, काहीही बोलता आलं असतं. नाही झालो पुढे.

बाबा म्हणाले, "हो जी. लय पाह्यलं जंगल." आणि मग, "चला, पोरीले थंडी वाजून राह्यली."

येताना गाडीत ते पुढच्या सीटवर होते. मागे सगळे वाघाचंच बोलत होते. बाबांनी मला विचारलं, "कुठं दिसला गा?" मी जागा सांगितली. ते म्हणाले, "हं. थे रेषा आमचीच." हळू म्हणाले. मागे ऐकू जाऊ नये इतकं हळू. माझ्यासाठी.

त्यानंतर त्यांनी कधी विषय काढला नाही. रागावले नाहीत, अबोला धरला नाही. कागद आला तर अजूनही मलाच वाचायला देतात. तुम्ही म्हणाल, मग आता ने. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत, पाय शाबूत, नजर शाबूत. बुकिंगला दहा मिनिटं लागतात, जंगल दोन तासांवर आहे. मला हे सगळं माहीत आहे. पण नेलं तर नियम कुठं गेला, हे त्यांना सांगावं लागेल. त्यांना ठाऊक आहेच. पण मला ते माझ्या तोंडाने म्हणावं लागेल. तेवढं मी तीन वर्षांत केलेलं नाही.

या दिवाळीत माझा आतेभाऊ प्रमोद अमरावतीहून आला. नवी गाडी घेतलीय त्याने. फराळ करता करता म्हणाला, "मामा, चाला, तुमाले पेंचले नेतो. सफारी करून आणतो."

बाबा चकली मोडत होते. म्हणाले, "सोडत नाहीत रे. पासष्टच्या वर नेम हाय."

"असा कुठं नेम हाय? म्या तं आयकला नाही." प्रमोदने खिशातून मोबाइल काढला. "थांबा, पाहतो."

"काहून पाहतं?" बाबा म्हणाले. "माहा पोरगा शिकेल हाय. त्यानं वाचलं हाय. इचार त्यालेच."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. प्रमोदने पाहिलं. "खरं का गा, दादा?"

मी हो म्हणालो.

हे पंधरा दिवसांपूर्वीचं आहे.