सुंदराबाईची थाळी

कुत्रीच्या बाळंतपणाला बोलावणं आलं तेव्हा सुंदराबाईला राग आला होता. हे तिनंच मला पुढं सांगितलं. गावातल्या निम्म्या माणसांची नाळ तिनं कापलेली. पण बायका दवाखान्यात बाळंत होऊ लागल्या, दारात गाडी येऊ लागली, आणि पंधराएक वर्षं तिच्या दाराची कडी कुणी वाजवली नाही. शेवटी वाजवली ती देवमननं, आणि तीही कुत्रीसाठी. तरी ती गेली. अडलेल्या जिवाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

देवमनचं बाळापुरात बी-बियाण्यांचं दुकान आणि घर गावाबाहेर मळ्यात. त्यानं पुण्याहून डाल्मेशियन जातीची कुत्री आणली होती. पांढरंशुभ्र अंग, त्यावर काळे ठिपके. नाव ठेवलं चांदणी. तिला पाहायला लोक मोटारसायकली थांबवायचे आणि देवमनची छाती फुगायची. मी तिथल्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर. तिला कलेजी घालू नका, या जातीला मूतखडा होतो. पाणी भरपूर पाजा. रोज मैलभर पळवा, नाहीतर घर उकरून ठेवील, हे मी त्याला सतरांदा सांगून थकले होते. त्याचे फोनही इतके यायचे की नुसतं नाव दिसलं तरी माझ्या कपाळाला आठी पडायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात त्या आठीचा वाटा आहे.

चांदणीला सहा पिल्लं झाली. सुंदराबाईनं ती पुसली, आईच्या पोटाशी लावली, आणि मग जन्मभराच्या सवयीनं पितळी थाळी घेऊन लाटण्यानं वाजवली. मूल जन्मलं की थाळी वाजवायची. दचकलं, रडलं, म्हणजे कान शाबूत. इथं सहापैकी एकही हललं नाही. हे तं सारेच बह्यरे दिसते, असं ती सहज बोलून गेली.

देवमन आधीच बिथरलेला होता. सहाच्या सहा पिल्लं कोरी पांढरी, एकावर ठिपका नाही. आपल्याला कुणीतरी फसवलं असं त्याच्या डोक्यात बसलं होतं, त्यात हे. त्यानं मला फोन लावला. मी तेव्हा एका म्हशीचं अडलेलं रेडकू काढत होते; गड्यानं फोन माझ्या कानाला धरला. या जातीत बहिरी पिल्लं निघतात का, एवढंच देवमननं विचारलं. निघतात, बऱ्याचदा निघतात, असं म्हणून मी फोन बंद करायला लावला. एक अक्षर खोटं बोलले नाही, तरी त्या उत्तराची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात पोचले तर सुंदराबाई पायरीवर बसलेली. देवमननं पिल्लं पोत्यात भरून नदीत सोडायला सांगितलं होतं, आणि त्याचा गडी पुंजाराम रात्रीच तिला ते सांगून गेला होता.

"माह्या थाळीनं सहा जीव चालले, डॉक्टरीनबाई," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की कुत्र्याच्या पिल्लांचे कान पहिले दोन आठवडे बंदच असतात, आणि या जातीची पिल्लं कोरी पांढरीच जन्मतात, ठिपके मागाहून येतात. ती म्हणाली, "हे त्याले काल काहून नाई सांगतलं?" मी स्कूटर काढली आणि ती मागं बसली.

अंगणात पोतं होतं, पिल्लं आत होती. पुंजारामनं त्याचं तोंड बांधलं नव्हतं. सुतळी सापडत नाही म्हणून तो तासभर शोधत होता, आणि सुतळी त्याच्या खिशात होती. मी देवमनला सगळं समजावलं. काल तुम्हीच एक बोलल्या, आज दुसरं बोलता, असं म्हणून त्यानं हात झटकला. आत चांदणी दार ओरबाडत होती.

सुंदराबाई पोत्याशेजारी खाली बसली. आवाज न चढवता बोलली.

"देवमन, तुह्या वक्ती म्या थाळी वाजवली तवा तू बी नाई हालला. तुह्या आजीनं तोंड फिरवलं. म्या म्हटलं, थांबा. दुसऱ्या दिवशी वाजवली, तिसऱ्या दिवशी वाजवली. चवथ्या खेपेले तू रडला. तुले कोनी पोत्यात भरलं नाई, बापा."

मग देवमननं स्वतः पोतं उचललं आणि चांदणीजवळ नेऊन ठेवलं. दीड महिना वाट पाहतो, म्हणाला.

बाराव्या दिवसापासून ठिपके दिसू लागले. दीड महिन्यानं मी समोर उभी राहिले आणि सुंदराबाईनं पिल्लांच्या मागून थाळी वाजवली. पाच माना गर्रकन वळल्या. सहावं पिल्लू माझ्या चपलेचा पट्टा चावत राहिलं. तिनं पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली. मग थाळी खाली ठेवली आणि ते पिल्लू पदरात घेतलं. पाच पिल्लं चांगल्या घरी गेली.

सहावं सुंदराबाईनं घरी नेलं आणि त्याचं नाव तिळ्या ठेवलं. ऐकू येत नाही त्याला नाव कशाला, असं मी चिडवलं तर म्हणाली, नाव माह्यासाठी हाये. त्याला हाक मारायची तर ती अनवाणी पायानं जमिनीवर थाप मारी. मातीतून ती त्याच्या पंजाला कळे. झोपेत मागून हात लावायचा नाही, दचकून चावेल, हे मी सांगितलेलं तिनं साऱ्या गल्लीला पाठ करून घेतलं. सकाळी तो पुंजारामच्या बैलगाडीच्या चाकाशेजारून शेतापर्यंत पळत जायचा आणि परत यायचा. त्याचे पांढरे केस तिच्या लुगड्याला कायम चिकटलेले असत.

अशी पाच वर्षं गेली. तिला दम लागू लागला तेव्हा तिनं मला एकदाच विचारलं, "माह्या मांगं याले कोन पाहीन?" मी क्वार्टरात राहणारी, केव्हाही बदली होणारी. पाहू, म्हणाले. तिला ते पटलं नाही हे मला दिसलं.

मागच्या पौषात ती गेली. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले तेव्हा तिळ्या तिच्या बाजेखाली पडून होता. त्यानं तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. थोड्या वेळानं देवमन आला. सवयीनं त्यानं मोठ्यानं हाक मारली आणि वरमला. मग त्यानं चपला काढल्या आणि जमिनीवर पायाची थाप मारली. तिळ्या हलला नाही. त्यानं पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली. मी म्हणाले, राहू द्या, मी याला दवाखान्यात नेते, सलाईन लावते.

"थांबा, मॅडम," देवमन म्हणाला.

त्यानं चौथी थाप मारली. तिळ्यानं मान उचलली, बाजेखालून बाहेर आला आणि त्याच्या पायाला अंग लावून उभा राहिला. देवमन खाली बसला आणि रडला.