वहिनीला ‘नको’ म्हणता येत नव्हतं

दादाचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन भाजीवालीशी घासाघीस करत होते. “नंदा, ये,” एवढंच म्हणाला. दादा फोनवर कधीच फार बोलत नाही, पण त्याच्या आवाजावरून सगळं कळलं. मेथी तिथेच ठेवली, रिक्षा केली आणि भांडुपला निघाले. खरं सांगते, रिक्षात मला रडू आलं नाही. आला तो थकवा... वर्षभर एखादं दार पाठीनं लावून धरावं आणि कुणीतरी येऊन म्हणावं, सोड आता, तसा. पोचले तर घराचं दार सताड उघडं, जिन्यापर्यंत चपलाच चपला, आणि आत हॉलमध्ये वहिनीला निजवलेलं. सुमनवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. तिला जाऊन आता महिना होत आला, तरी सकाळी जाग आली की मी अजून भांडुपला जायच्या घाईनं उठते आणि मग पलंगावरच बसून राहते.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी कॉलेजात होते. मालवणकडची, सावळी, आवाजानं दणदणीत. तिच्या घरात पाऊल टाकलं की काहीतरी प्यावंच लागे. सर्दी असेल तर आलं, तुळस, मिरी आणि गूळ घालून उकळलेला काढा. पोट बिघडलं असेल तर ओव्याचं पाणी. उन्हातून आलात तर कोकम सरबत, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड. अंग दुखत असेल तर हळदीचं दूध, आणि काहीच होत नसेल तर गवती चहा, कारण ‘काहीच होत नाही’ हेही तिला पटत नसे. गॅसचं सिलिंडर घेऊन येणारा माणूससुद्धा पेला रिकामा केल्याशिवाय सुटायचा नाही. अर्धा कप दे म्हटलं की काठोकाठ यायचा. “पी रे बाबा, गुण येतलो,” म्हणत समोर उभी राहायची. गुण यायचा का? सर्दी काढा घेतला तरी आठवडाभर राहते आणि नाही घेतला तरी आठवडाभर राहते, असं मी तिला तोंडावर सांगायचे. ओव्याच्या पाण्यानं माझं पोट मात्र खरंच थाऱ्यावर यायचं, आणि ते मी कधी कबूल केलं नाही.

बरं, ती जुन्याला चिकटून बसणारी नव्हती. तिसऱ्या मजल्यावर रूपाली राहायला आली, जिमला जाणारी, हातात सतत ती झाकणाची बाटली. तिनं वहिनीला स्मूदी शिकवली आणि मग काय, झालंच. केळं, पालक, दही, वर चिया. मिक्सर सकाळी घरघरायला लागायचा तो थांबायचाच नाही. चियाला ती सब्जाचा चुलत भाऊ म्हणायची. नाचणीला आता सुपरफूड म्हणतात हे कळल्यावर तर दिवसभर हसत होती. तिच्या लहानपणी नाचणीची आंबील खाणाऱ्या घराला लोक नाक मुरडायचे म्हणे, आणि आता तिचीच पावडर पाकिटात भरून मॉलमध्ये. रूपाली तिच्याकडून आंबील शिकली, ती रूपालीकडून स्मूदी, आणि दोन्ही गिळायची पाळी आमच्यावर. हिरवी स्मूदी बघून दादा एकदा मला हळूच म्हणाला होता, की हिच्यापेक्षा काढा परवडला.

मग किडन्या गेल्या. काढ्यांनी नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण भेटायला येऊन सोफ्यावर बसून “एवढे काढे प्यायचे म्हणजे...” म्हणणारे महाभाग होते. साखर होती, ब्लडप्रेशर होतं, आणि जगाला काढे पाजणारी ही बाई स्वतःच्या गोळ्या विसरायची. डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं की आता दिवसभरात पाणी मोजून, आणि चहा, सरबत, आमटी सगळं त्यातच धरायचं. शहाळं बंद, केळं बंद, पालेभाज्यांचे रस बंद. त्यात पोटॅशियम असतं, धडधाकट माणसाला ते गुणकारी, पण किडनी ते बाहेर टाकू शकत नसेल तर ते रक्तात साठतं आणि हृदय थांबवू शकतं. पाल्यामुळ्यांचे काढे तर विचारल्याशिवाय अजिबात नाहीत. वहिनी मान डोलावत ऐकत होती. खाली उतरल्यावर रिक्षात म्हणाली, “म्हणजे आपल्या घरात जे जे होतं ते सगळंच गं.”

दादा रोज सकाळी दिवसाचं पाणी एका बाटलीत काढून ठेवायचा आणि त्यातलं थोडं थोडं तिला द्यायचा. थेंब सांडला नाही कधी. तेवढं जमलं असतं. जमलं नाही ते लोकांचं. तिनं आयुष्यभर ज्याला त्याला पाजलं होतं, आता सगळे परतफेडीला निघाले. कुणी गव्हांकुरांचा रस घेऊन यायचं, कुणी पुनर्नव्याचा काढा, कुणी मोबाइलवर आलेला उपाय उकळून थर्मासमध्ये घालून. नाशिकची मावसबहीण तर उंटावरून शेळ्या हाकायची, रोज फोनवर नवा पाला. सगळे प्रेमानं आणायचे हो, त्यात खोट नव्हती. आणि वहिनीला ‘नको’ म्हणता येत नव्हतं. ज्या बाईनं दुसऱ्याचं ‘नको’ कधी ऐकलं नाही, तिच्या तोंडातून ते निघणार कसं? रूपाली स्वतःच्या हातानं पालकाची स्मूदी करून घेऊन आली तेव्हा वहिनीनं ग्लास हातात घेतला, तोंडाला लावला, आणि मी तो काढून घेतला. पोरगी रडवेली झाली. वहिनी दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

तेव्हापासून मी दारात. माझी नोकरी संपली होती, घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, दादा-वहिनीला मूलबाळ नव्हतं. रोज सकाळी मुलुंडहून यायचं आणि आलेल्याच्या हातातली पिशवी आधी बघायची. आत या, बसा, पण हे इकडे द्या. बिल्डिंगमध्ये माझं नाव कजाग नणंद पडलं. एकीनं तर दादाला बाजूला घेऊन सांगितलं, की बहीण वहिनीला घोटभर पाणीसुद्धा सुखानं घेऊ देत नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी भांडी आपटली. दुसऱ्यांच्या प्रेमाशी भांडण्याइतकं दमवणारं काम नाही, हे मला तेव्हा कळलं.

एक दिवस मला ताप होता, मी गेले नाही. नेमकी त्या दुपारी तिची गोराईची जुनी मैत्रीण आली, फेरीबोट आणि मग दोन बस बदलून, घरच्या माडाची शहाळी पिशवीत घालून. दादा औषधं आणायला गेला होता. वहिनी दोन शहाळी प्यायली, सावकाश, मलईसकट. संध्याकाळी तिचे हातपाय गळाले, छाती धडधडायला लागली, आणि दादानं धावपळ करून हॉस्पिटल गाठलं, मीही तापातच पोचले. डॉक्टर माझ्यावर ओरडले, मी दादावर ओरडले, दादा कुणावरच नाही. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर नीट आल्यावर मी खाटेशी बसले. तापानं डोकं भणभणत होतं.

“वहिनी, तुला जगायचंय की नाही? एकदाच सांग, म्हणजे मी तरी घरी बसते.”

ती छताकडे बघत म्हणाली, “जगायचंय गं. पण एवढ्या लांबून आणलेलं तिच्या पिशवीत परत भरायचं... ते माझ्याच्यानं नाही होत. ते तू कर. तू आहेस ना.”

मला इतका राग आला. वाईटपणा सगळा माझ्या वाट्याला, आणि ही गोड. पण तिनं माझा हात धरला होता आणि सोडत नव्हती. पुढे मी एक दिवसही चुकवला नाही, आणि तिनंही माझ्या पाठीमागे काही तोंडाला लावलं नाही. आपला जीव असा माझ्या हातात देऊन ती मोकळी झाली. मला मात्र ते ओझं झेपलं नाही, हेही खरं.

शेवटच्या महिन्यांत तिनं नवीनच खूळ काढलं. भेटायला कुणी आलं की मला स्वयंपाकघरात पिटाळायची, कोकम सरबत कर, जिरं ताजं भाज, ग्लास मोठा घे. स्वतःच्या तोंडाला कोरड पडलेली, ओठ फाटलेले, गुळणी करून पाणी थुंकायचं आणि बर्फाचा तुकडा चघळायचा. आणि समोरचा पिताना ही टक लावून बघायची. “सगळं पी, ठेवू नकोस.” मी चिडायचे, कशाला स्वतःला छळतेस म्हणून. तर म्हणाली, दुसऱ्याच्या घशाखाली उतरताना दिसलं की मलाही बरं वाटतं. लोकांना सुरुवातीला अवघड जायचं, मग प्यायचे. रूपाली तर रोज यायची, दोन ग्लास प्यायची आणि वहिनीला हसवून जायची. ती पोरगी शहाणी निघाली.

तिच्या तब्येतीनं हळूहळू साथ सोडली. एका सकाळी दादा हाक मारायला गेला तर ती उठली नाही. झोपेत गेली, सुटली, असं सगळे म्हणाले. मीही म्हटलं. स्मशानातून सगळे परत आले, शेजारच्यांनी पिठलं-भात आणून दिला आणि आपापल्या घरी गेले. तिला निजवलं होतं तिथे मी पिठावर दिवा लावला. शेजारी पाणी ठेवायचं असतं, तेवढं आण म्हणून दादाला सांगितलं. तो आत गेला आणि फुलपात्र घेऊन बाहेर आला. त्यात जेमतेम तीन घोट पाणी होतं. दिव्याशी वाकता वाकता थांबला आणि माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, “नंदा, एवढं चालेल ना?”

तेव्हा मी रडले. दिवसभर साचलेलं, वर्षभर साचलेलं... दादा तसाच फुलपात्र धरून उभा.

“भरून आण रे दादा. तांब्याच आण.”

मग तो आत गेला, आणि काठोकाठ भरलेला तांब्या दोन्ही हातांनी धरून, सांडू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत बाहेर आला.