बाथरूममधली मोटार

बेस गिटार शिकायला पन्नाशी हे योग्य वय आहे. बोटं, कंबर आणि बायको सोडली, तर कुणाचीच तक्रार नसते. (बायकोला मी सांगितलंच नव्हतं, म्हणजे तिचीही नव्हती.)

मी लातूरच्या एका सकाळच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. जन्मभर कमीच बोललो. बेसचं मला तेच आवडलं. चार जाड तारा गाण्याच्या तळाशी घुमत राहतात आणि लोक टाळ्या गाणाऱ्याला देतात! भाच्याची जुनी बेस आणि छोटा स्पीकर गुपचूप घरी आणला. माझी बायको शोभा शाळेत शिकवायला गेली, की बाथरूममध्ये उलट्या बादलीवर बसायचं आणि सगळ्यांत जाड तार छेडायची. घूंऽऽम! बाथरूम अशासाठी, की तिथला आवाज बाहेर जात नाही, असा माझा शास्त्रीय समज.

ती भिंत शेजारच्या बिराजदारमामांच्या घराला लागून. आणि आमच्या गल्लीत नळ कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसतं. ज्याच्या घरात आधी मोटार घुमली, त्याला पाणी आलं असं समजून सगळ्यांनी आपापली मोटार नळाला लावायची, हा रिवाज.

त्या दुपारी मी तार छेडली आणि समोरच्या पवारकाकू ओरडल्या, "नळ आला गं! बिराजदाराची मोटार घुमायलीय!"

मी गिटार टाकून हंडा घेऊन पळालो. (शपथेवर सांगतो, डोक्यातच आलं नाही!) गल्लीभर मोटारी कोरड्या नळावर किंचाळायला लागल्या. काकूंची तर धूर सोडून कायमची गप्प झाली.

"एकटाच पाणी वढायलाय हा!" काकू मामांच्या दारात उभ्या राहिल्या. मागं सगळी गल्ली, आणि हंडा घेतलेला मीही.

"आईची आन, माझी मोटार दुरुस्तीला टाकलीय! या, बघा की घरात!"

"लपवली असंल!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा घूंऽऽम, पुन्हा पळापळ. तेव्हा मात्र माझी ट्यूब पेटली. पण काकूंच्या हातात जळकी मोटार, आणि माझ्या तोंडात नेहमीची मुकी जीभ. "चोरच की न्हाई, सर?" असं त्यांनी विचारलं, तर मी नुसती मान हलवली. ती 'हो, चोरच' अशी हलली, असं गल्लीनं धरलं!

मग मामांच्या नातीचं बारसं आलं. मामा स्वतः दारोदार आवतण देऊन गेले. गल्लीनं ठरवलं, जायचं न्हाई. बारशाच्या दिवशी खिडकीतून बघतो, तर रिकाम्या मांडवात मामा एकेक खुर्ची पुसून ठेवतायत.

"पाणीचोराच्या घुगऱ्या मला नकोत," शोभा म्हणाली.

"शोभा, चोर मी आहे."

"तुम्ही? तुम्हाला मोटारीचं बटन तरी सापडतं का?"

मी तिला बाथरूममध्ये नेलं, बादलीवर बसलो आणि तार छेडली. तिनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, हसेल.

"आनं आवतण द्यायला आलेल्या माणसाला मी तोंडावर चोर म्हणलं!"

तिनं मला, गिटारीला आणि स्पीकरला धरून थेट मांडवात नेलं आणि सगळी गल्ली हाका मारून गोळा केली. मी वाजवलं. पवारकाकूंनी डोळे मिटून ऐकलं.

"हीच! हीच मोटार!"

"मामा," मी म्हणालो, "तुमचं नाव गेलं आणि मी गप्प बसलो. चुकलो."

मामांनी खुर्च्या पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "हंडा घेऊन तुम्ही बी आलता की, सर."

"आलो होतो."

"तेच लागलं. बाकीच्यांचं काय न्हाई." मग त्यांनी एक खुर्ची पुढं ओढली. "बसा. घुगऱ्या खा."

हळूहळू खुर्च्या भरल्या. पाळण्यातल्या पोरीला नाव मिळालं. जाताना मला राहवेना. कधी नव्हे ती जीभ सुटली होती ना!

"मामा, पण वाजवणं कसं वाटलं?"

मामांनी खरोखर विचार केला.

"खरं सांगू का, सर? मोटार एका लयीत चालती."