भुताच्या गोष्टी आणि आमच्या घरचा नारळ

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, पणजोबा खरंच भुताच्या गोष्टी लिहायचे?" तेव्हा मी विषय बदलला. पण आता वय झालं आणि माझ्यानंतर हे सांगणारं कुणी नाही, म्हणून आजच लिहून टाकते. मराठी अडलं तर बाबाला विचारा.

माझे सासरे, म्हणजे तुमचे पणजोबा, गोव्यात केरीला शाळेत मास्तर होते. आमच्या भागात भयकथा लिहिणारे तेच पहिले. तेव्हा भाषेचा वाद घरोघरी पोचला होता. कोकणीवाले विचारत, मराठीत का लिहिता. मराठीवाले म्हणत, ह्यात कोकणीच जास्त. सासूबाईंचं वेगळंच. "ह्यांका काळोखातली भुतां दिसतत, डब्यातले तांदूळ संपले ते दिसनत नाय."

इथवर चाललं. मग त्यांनी राखणदारावर कथा लिहिली. राखणदार म्हणजे गाव राखणारा देव, गावात त्याला 'बाप' म्हणतात. वेशीवरच्या दगडात तो असतो, रात्री वाट चुकलेल्याला घरी पोचवतो अशी श्रद्धा. कथेत त्याने एका मुलीला पोचवलंच नाही.

वर्षातून एकदा प्रत्येक घरचा नारळ त्याच्यापुढे फोडायला वेशीवर जातो. त्या वर्षी आमचा परत आला. गावच्या मानकऱ्याने तो पडवीत आणून ठेवला.

"मास्तर, बापान पोर खाल्लां म्हणून लिवलात?"

"कथा आसा ती."

"तुमका कथा. आमका रातचां त्याच वाटेन येवचां पडता."

नारळ परत आला म्हणजे आमच्या दारात कुणी येणार नाही, लग्नाला नाही की मयताला नाही. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा गावात पेढे वाटले. ताट आमच्या दारावरून पुढे गेलं. विहिरीवर मी गेले की बायका गप्प होत. फार थकवलं त्या दिवसांनी.

शेवटी सासरे नारळ घेऊन वेशीवर गेले. गाव जमला. एरवी गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढची मागणी, मानकरी घालतो आणि लोक "व्हय म्हाराजा" म्हणत साथ देतात. त्या दिवशी त्याने ते मास्तरांना घालायला लावलं. कथा खोटी, असं काही ते म्हणाले नाहीत.

"म्हाराजा, ल्हानपणापासून माका तुझी भीती. ती भीती मी लिवलंय. माझ्या घरावर राग धरू नको."

मग मानकरीच खाकरला, "व्हय म्हाराजा." मागून सगळे म्हणाले.

परतताना सासरे एवढंच बोलले, "सूनबाई, आता पुरे." पुन्हा त्यांनी गोष्ट लिहिली नाही. पुस्तकं कपाटात वाळवीने खाल्ली. त्यांची एकही कथा घरात उरलेली नाही. वेशीवरचा दगड आहे, आणि आमच्या घरचा नारळ अजून दरवर्षी तिथे फुटतो.