गाण्यातलं नाव

नावं विचारल्याशिवाय अक्का गायला तोंड उघडत नसे. हळदीच्या दिवशी सकाळी ती मांडवात यायची, भिंतीला पाठ टेकून बसायची, कोरा चहा मागायची आणि नावं विचारायला लागायची. नवरीचं, नवऱ्याचं, दोघांच्या आयांचं, मामाचं, लग्नाला येऊ न शकलेल्या आत्याचं. बायका घाई करायच्या, हळद वाटून तयार आहे म्हणायच्या. अक्का ढिम्म. "पहिले नावं सांगा, मंग गानं," एवढंच म्हणायची. सगळी नावं मिळाली की कप बाजूला ठेवायची आणि सुरू करायची. मग संध्याकाळपर्यंत त्या घरातलं एकही माणूस गाण्याबाहेर राहत नसे.

आमचं गाव पिंपळनेरजवळचं, साक्री तालुक्यातलं. आजूबाजूच्या वीसेक गावांत लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी अक्काला निरोप जायचा. तिचा आवाज फार गोड होता असं मी म्हणणार नाही. थोडा फाटलेला होता, वरच्या पट्टीत गेला की दम लागायचा, मग ती मध्येच थांबून श्वास घ्यायची आणि तेवढा वेळ बायका ओळ धरून ठेवायच्या. पण ती ज्याचं नाव घेई त्याला वाटायचं, हिला आपलं सगळं माहीत आहे.

एका लग्नात नवऱ्या मुलाची आई दोन वर्षांपूर्वी वारलेली होती. घरात कोणी तिचा विषय काढत नव्हतं. शुभकार्यात कशाला, म्हणून. अक्काने त्याच्या मावशीला बाजूला घेऊन हळूच नाव विचारून घेतलं. तिसऱ्या का चौथ्या गाण्यात ते नाव आलं, इतकं सहज, की ती बाई नुसती आडावर पाण्याला गेली आहे आणि येतेच आहे असं वाटावं. मुलगा मांडववाल्याशी फोनवर वाद घालत उभा होता. त्याने फोन खिशात टाकला आणि जिथे उभा होता तिथेच खाली बसला. त्याला रडताना त्याच्या बापानेही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं म्हणतात.

अक्काचा नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सुरतेला मिलमध्ये कामाला गेला. आधी पत्रं आली, मग तीही थांबली. ती भावाकडे राहायची, त्याच्या शेतात राबायची. नवऱ्याबद्दल ती कधी बोलली नाही. माझ्या आईने एकदा एक गोष्ट लक्षात आणून दिली. एखादी मुलगी सुरतेला दिलेली असली तर अक्का बाकी सगळी नावं घ्यायची, पण गावाचं नाव घेत नसे. तिथे ती 'दूर देश' म्हणायची.

ऐकण्याबाबतही ती कडक होती. आमच्या ओट्यावर ती शेंगा फोडायला बसायची तेव्हा रेडिओ लावलेला असे. गाणं चालू असताना माझे वडील काही बोलायला लागले की ती उठून रेडिओ बंद करायची. रागाने नव्हे, कोणी वाहता नळ बंद करावा तसं. वडिलांचं बोलून झालं की पुन्हा लावायची. एक तर बोला, नाही तर ऐका, असं तिचं म्हणणं. मी लहान असताना तिला विचारलं होतं की रेडिओवरच्या बाईला आपली नावं कुठे माहीत असतात? ती म्हणाली होती, "गानं म्हंजे निरोप शे. कोनले देना शे ते माहीत नही, मंग तोंड कसाले उघडनं?"

पुढे मी धुळ्याला आले, एका कॉलेजच्या ऑफिसात लागले, संसार झाला. गावातच राहणाऱ्या माझ्या मामाची मुलगी वैशाली माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तिचं लग्न ठरलं, मुलगा पाचोऱ्याचा. हळदीला अक्का आली तेव्हा तिचे केस पूर्ण पांढरे झालेले होते, पण नावं विचारायची पद्धत तीच. त्या दिवशी तिने एक गाणं बांधलं. त्यात मामा होता, मामी होती, मीसुद्धा होते. सुरुवात अशी होती:

मांडवना दारे शे हळदनी वाटी,
वैशू मनी माय, रडू नको कोनासाठी.

मनी माय म्हणजे माझी माय, आमच्याकडे लेकीला लाडाने म्हणतात तसं. मी ते फोनवर रेकॉर्ड केलं आणि संध्याकाळी घरच्या ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला जागा नाही. मीच टाकलं. मला ते फार आवडलं होतं आणि जे येऊ शकले नव्हते त्यांनी ऐकावं, एवढंच मनात होतं.

ग्रुपवरून ते कुठे कुठे गेलं, सांगता येणार नाही. तीन-चार महिन्यांनी कोणीतरी मला एक व्हिडिओ पाठवला. धुळ्यातल्या एका स्टुडिओवाल्याने अक्काच्या आवाजाखाली ढोल आणि इलेक्ट्रॉनिक ठेका घातला होता, नऊवारी नेसलेल्या चार मुली शेतात नाचत होत्या. मामा, मामी, मी, सगळ्यांना कापून टाकलं होतं. वैशालीचं नाव मात्र ठेवलं होतं, कारण ते ठेक्यावर चांगलं बसत होतं. दर कडव्यानंतर चार वेळा यायचं. वैशू मनी माय, वैशू मनी माय. दोन लग्नसराया होईपर्यंत धुळे-जळगावात ते गाणं वाजलं नाही असा मांडव राहिला नाही. रिक्षात तेच, ट्रॅक्टरवर तेच, मोबाइलच्या दुकानाबाहेर तेच. आम्हाला आधी आनंदच झाला. वैशाली सासरी होती, तिलाही गंमत वाटली असेल.

अक्काने ते पहिल्यांदा पिंपळनेरच्या बसस्टँडवर ऐकलं, शेजारी बसलेल्या माणसाच्या फोनवर. तिने त्याला दोनदा लावायला सांगितलं. मी सुटीत गावी गेले तेव्हा तिने मला विचारलं, "आवाज मनाच शे. पन ह्यामा माले दम का लागत नही?" तिचे श्वास मशीनवर काढून टाकले आहेत, हे मी तिला जमेल तसं समजावलं.

त्यानंतर तिला लग्नांची बोलावणी कमी होत गेली. कोणी मुद्दाम टाळलं नाही. हळदीला स्पीकर लावला की तिचंच गाणं वाजत होतं, मग तिला कशाला त्रास द्यायचा, असा लोकांचा विचार. आमंत्रण यायचं, वरण-बट्टी जेवायला बोलवायचे, मानाने पाटावर बसवायचे. नावं सांगायला मात्र कोणी तिच्यापाशी बसत नसे.

वैशाली दीड वर्षात माघारी आली. नवऱ्याचं लग्नाआधीपासून एका बाईशी होतं आणि ते त्याने कधी तोडलंच नव्हतं. कोर्टाचं चालू झालं, संपलं. ती मामाच्या घरी शिवणकाम करायला लागली. घर रस्त्यावर होतं. लग्नसराईत दिवसाआड एखादी वरात दारावरून जायची आणि वैशू मनी माय, रडू नको कोनासाठी. मामी खिडकी लावून घ्यायची. वैशाली म्हणायची, राहू दे, मशीनच्या आवाजात काही कळत नाही. पण तिने लग्नांना जाणं सोडलं. कोणी नवीन माणूस भेटला आणि नाव विचारलं की ती नुसतं आडनाव सांगायची.

मग तिच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं. पाचोऱ्याच्या कोणा नातेवाइकाने वरातीचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला आणि तो फिरत फिरत वैशालीच्या फोनवर आला. घोड्यावर तो बसलेला, पुढे त्याचे भाऊ, मित्र, बहिणी नाचत आहेत, आणि वाजतंय तेच गाणं. त्याच्या पहिल्या बायकोचं नाव दर कडव्याला चार वेळा. त्याची आई नाचत होती, तोही हसत होता. वैशालीने तो व्हिडिओ मला दाखवला तेव्हा मी म्हटलं, किती नीच माणसं आहेत. ती म्हणाली, "नाही ताई. नीट बघ. त्यांच्या लक्षातच आलेलं नाही. कोणी ऐकतच नाहीये."

हे अक्काच्या कानावर गेलं. दोन दिवसांनी सकाळच्या बसने ती एकटी धुळ्याला आली आणि विचारत विचारत थेट माझ्या ऑफिसात पोचली. तिचं म्हणणं एकच होतं, ते गाणं बंद कर. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि देवपुरात त्या स्टुडिओवाल्याकडे तिला घेऊन गेले. माणूस वाईट नव्हता. अक्काच्या पाया पडला, पंखा लावला, चहा मागवला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, मी माझ्याकडचं आजच काढतो, पण वीस जणांनी त्याचे वीस प्रकार केलेत, ते कोणाकोणाचे आहेत मलाही माहीत नाही. मग त्याला एक उपाय सुचला. अक्काने तेच गाणं नव्याने म्हणावं, वैशूच्या जागी नुसतं 'नवरी' म्हणावं. सगळ्यांना चालेल आणि जुनं आपोआप मागे पडेल.

अक्का चिडली नाही. "नुसती नवरी कोनी नसस, भाऊ," ती म्हणाली. "नवरीले नाव राहस."

त्याने आमच्यासमोर त्याचं गाणं काढून टाकलं. आम्ही रिक्षाने बसस्टँडवर आलो. तिथे रसवंतीवर तेच वाजत होतं, दुसऱ्या कुणीतरी अजून जोराचा ठेका घातलेलं. अक्काने डोक्यावरचा पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला आणि बस येईपर्यंत तशीच बसून राहिली.

घरी गेल्यावर ती वैशालीपाशी गेली. काय बोलली ते मला मामीकडून कळलं. माफी वगैरे मागितली नाही. म्हणाली, माझ्या तोंडून गेलं, आता ते परत येत नाही. तू मला काम सांग. तेव्हापासून ती रोज दुपारी वैशालीकडे यायची, ब्लाउजांना हुक लावायची, काजं करायची. डोळे अधू झाले तेव्हा चिंध्या निवडायची. दोघी फार बोलत नसत. अक्का गात तर नव्हतीच. तिने लग्नातलं गाणं त्यानंतर कुठेच म्हटलं नाही.

माझ्या मनात मात्र ते टोचत होतं. शेवटच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी भेटायला गेले. बोलणं जड झालं होतं, तरी कळत होतं. मी तिला सांगून टाकलं की ते रेकॉर्डिंग माझं होतं, मीच ते पाठवलं होतं. तिला ते पहिल्यापासून माहीत होतं. "तुले आवडनं म्हनीसन तू धाडं," ती म्हणाली. मग थोडा वेळ थांबून तिने विचारलं, "पन आते तू काही ऐकस का, माय?"

सकाळी भाकरी थापताना माझा फोन आपोआप गाणी लावतो. कोणती लावायची तेही तोच ठरवतो. कालची आवडली म्हणून आज तसलीच दहा. अर्ध्यात एखादं कंटाळवाणं वाटलं की पिठाच्या बोटाने पुढे ढकलते. नवऱ्याच्या कानात त्याचं, मुलीच्या कानात तिचं. जगातली सगळी गाणी घरात आहेत आणि गेल्या वर्षभरात एकही पूर्ण ऐकल्याचं मला आठवत नव्हतं. अक्काला हे सांगितलं नाही. तिची पाठ चोळून दिली आणि पाचच्या बसने निघाले.

श्रावणात ती गेली. बातमी ग्रुपवरच आली. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली, आणि कोणीतरी श्रद्धांजली म्हणून तेच गाणं टाकलं. मी फोन बंद केला आणि गावी गेले.

तेराव्याला वैशालीने मला मागच्या पडवीत बोलावून सांगितलं की तिने एका स्थळाला होकार दिला आहे. सावद्याचा माणूस, केळीची शेती, पहिली बायको आजाराने गेलेली, सहा वर्षांची एक मुलगी. अक्काच्या शेवटच्या दिवसांत तो दोनदा येऊन तिला भेटून गेला होता. अक्काने त्याला काय विचारलं असेल ते मी विचारलं नाही. लग्न घरातच, वीस-पंचवीस माणसांत. बँड नाही, स्पीकर नाही. मी विचारलं, येऊ ना?

"ये ना ताई," ती म्हणाली. "फक्त हात रिकामे ठेवून ये."

मला कळलं. मी फोन धुळ्यालाच ठेवून गेले. त्यामुळे माझ्याकडे त्या लग्नाचं काहीच नाही. एक फोटो नाही, एक आवाज नाही. एवढं आठवतं की हळद लावताना नवऱ्याकडच्या दोन म्हाताऱ्या बायका गायला बसल्या. त्यांचा सूर लागत नव्हता, एकीला शब्द आठवत नव्हते, ती दुसरीच्या तोंडाकडे बघून म्हणत होती. सावद्याकडची बोली आमच्याहून वेगळी, मला निम्मं कळलं नाही. वैशाली मान खाली घालून ऐकत होती, तिच्या मांडीवर ती लहान मुलगी झोपली होती. गाणं लांबलं. बसून बसून माझे पाय आखडले, मध्ये दोनदा बाहेर जावंसं वाटलं.

पण मी शेवटपर्यंत बसले.